नेमकी दाद कशी द्यावी: नव्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या निबंधाखाली मी ‘छान!’ असा शेरा मारला होता. तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, “बाई, छान म्हणजे यातलं काय छान?” मला सांगता येईना. आदल्या रात्री वह्यांचा गठ्ठा संपवण्याच्या घाईत तिच्या निबंधावरून माझी नजर नुसती फिरली होती. ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली. मी तिची वही पुन्हा मागून घेतली आणि या वेळी निबंध नीट वाचला. विषय पावसाचा होता, पण तिने लिहिलं होतं ते पाऊस थांबल्यानंतर येणाऱ्या आवाजांबद्दल. दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं, “पाऊस थांबल्यावर काय ऐकू येतं, हे वर्गात फक्त तुला सुचलं.” त्यानंतर वर्षभर ती प्रत्येक निबंध लिहिण्याआधी “मला यातलं वेगळं काय दिसतंय” हे स्वतःशी ठरवून मगच पेन उचलत असे.

दाद द्यायची तर आधी समोरच्याने काय केलं ते पाहावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे जे लिहिते आहे ते सगळं त्यातूनच आलेलं आहे. सुरुवातीच्या पायऱ्या नुकतेच शिकवू लागलेल्यांसाठी आहेत. नंतरच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. आपापला भाग वाचून झाला की दुसरा भागही जरूर वाचा.

पायरी १: नाव शिका, आणि नीट उच्चारा

पहिल्या आठवड्यात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण नावं शिका. जाड कागद मधोमध दुमडून त्यावर प्रत्येकाने मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहायचं आणि तो बाकावर उभा करायचा, ही सगळ्यात सोपी युक्ती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या मोठ्या वर्गात अशाच पाट्या वापरल्या गेल्या आणि त्याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सत्राच्या शेवटी 78 टक्के विद्यार्थ्यांना वाटत होतं की शिकवणाऱ्यांना आपलं नाव माहीत आहे. प्रत्यक्षात शिकवणाऱ्यांना सुमारे 53 टक्केच नावं येत होती. मी याचा अर्थ असा लावते की आपलं नाव घेण्याची धडपड मुलांना दिसते आणि तीही त्यांच्यापर्यंत पोचते. तेव्हा पाठांतर कच्चं आहे म्हणून संकोचू नका.

उच्चाराबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, “तुझं नाव मी बरोबर घेते आहे ना?” हजेरीच्या वहीत स्वतःसाठी उच्चाराची खूण करून ठेवा. लांब नाव परस्पर तोडून सोपं करू नका. घरी काय म्हणतात आणि वर्गात काय म्हटलेलं आवडेल, हे त्या मुलाने ठरवायचं. नाव विसरलात तर पुन्हा विचारा. मुलं त्याचा राग धरत नाहीत. ‘ए, तू निळी बॅग’ हे मात्र लक्षात ठेवतात.

पायरी २: वर्गाच्या दाराशी उभे राहा

तास सुरू होताना फळ्याकडे तोंड करून उभे असाल, तर मुलांना आधी तुमची पाठ दिसते. त्याऐवजी दोन मिनिटं दाराशी उभे राहा. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून नाव घ्या, मान हलवा, जमलं तर एखादं वाक्य बोला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माध्यमिक टप्प्यावरच्या 10 वर्गांमध्ये हे करून पाहिलं होतं. मुलांचं अभ्यासात गुंतलेलं राहणं 20 टक्के-बिंदूंनी वाढलं आणि वर्गात व्यत्यय आणणारं वागणं 9 टक्के-बिंदूंनी कमी झालं. दोन मिनिटांत एवढं साधत असेल तर फळा थोडा उशिरा लिहिला तरी चालेल.

दारातल्या वाक्यात कपडे, वजन, केस आणि मार्क यातलं काही आणू नका. “काल अर्धवट राहिलेलं गणित सुटलं का?” हे चालतं. हात मिळवणं, टाळी देणं ज्यांना आवडतं त्यांनाच द्या. काही मुलांना स्पर्श नको असतो, त्यांना नुसतं हसणं पुरतं.

आणि काल ज्याला तुम्ही रागावलात, तो आज दारातून येताना खाली बघत येईल. त्याचंही नाव कालच्यासारख्याच आवाजात घ्या. कालचं काल संपलं, हे त्याला तेवढ्यातून कळतं.

पायरी ३: प्रश्न विचारून थांबा

ऐकून घेणं ही दाद आहे, आणि नव्या शिक्षकाला तीच सगळ्यात जड जाते, कारण वर्गातली शांतता आपल्याला सोसवत नाही. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या शेकडो ध्वनिफिती ऐकून 1970 च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होतं. मुलाचं उत्तर आल्यावर पुन्हा तेवढंच थांबावं, हा त्यांच्या निष्कर्षांतला जो भाग आहे तो अनेकांकडून निसटतो. ‘बरोबर’ म्हणण्याची घाई केली की त्याच्या डोक्यात येऊ घातलेलं पुढचं वाक्य तिथेच राहतं.

मनात एक-दोन-तीन मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटेल, दोनेक आठवड्यांत अंगवळणी पडेल.

यापुढची गोष्ट माझी सर्वांत आवडती आहे. मुलाने मांडलेला मुद्दा वीस मिनिटांनी त्याच्या नावासकट परत आणा. “मघाशी हिने विचारलं होतं की उलट बाजूने सोडवलं तर? आता करून बघू.” गणिताची एखादी वेगळी रीत फळ्यावर लिहिली तर कोपऱ्यात ज्याची त्याचं नाव लिहा. एका मुलाच्या नावाची रीत आमच्या वर्गात परीक्षेपर्यंत त्याच नावाने चालली. तो मुलगा एरवी शेवटच्या बाकावरून हललाही नसता.

पायरी ४: शेरा असा लिहा की त्याचा उपयोग होईल

इथे थोडा वेळ घालवू, कारण शिक्षकाच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन हेच आहे आणि तेच सगळ्यात निष्काळजीपणे वापरलं जातं.

‘हुशार आहेस’ हे कौतुक गोड लागतं, पण ते मुलाला अडचणीत टाकू शकतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांबरोबर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवल्यावर काहींच्या बुद्धीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. बुद्धीचं कौतुक झालेल्या मुलांचा उत्साह लवकर मावळला आणि त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. आपले गुण इतरांना सांगताना वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. हुशार म्हणवून घेतल्यावर अडखळलेलं दाखवायची चोरी होते, असं मला यातून दिसतं.

म्हणून शेऱ्यात मुलाला विशेषण चिकटवू नका, कामाबद्दल लिहा. मी तीन गोष्टी पाहते: यात मला काय दिसलं, त्याने काय साधलं, आणि पुढे कुठे जाता येईल. तिन्ही प्रत्येक वेळी हव्यात असं नाही, पहिली मात्र हवीच.

‘उत्तम’ऐवजी: “दुसऱ्या परिच्छेदात तू आधी विरुद्ध बाजू मांडलीस, त्यामुळे तुझं म्हणणं पटायला लागलं. शेवट जरा घाईत झालाय.”

‘अक्षर सुधारा’ऐवजी: “पहिली दोन पानं मला न अडखळता वाचता आली. तिसऱ्यावर दमलास वाटतं.”

‘चूक’ऐवजी: “चौथ्या पायरीपर्यंत सगळं बरोबर आहे. तिथे चिन्ह बदललं का, बघ.”

ज्या मुलाने मेहनत घेतलेलीच नाही त्याला ‘छान प्रयत्न’ लिहू नका. त्याला ठाऊक असतं, आणि मग तुमच्या पुढच्या खऱ्या शेऱ्यालाही किंमत उरत नाही. त्याच्यासाठी प्रश्न लिहा: “इथून पुढे का थांबलास? उद्या सांग.”

प्रत्येक वहीवर एवढं लिहिणं अशक्य आहे, हे मलाही माहीत आहे. म्हणून दर खेपेला पाच-सहा वह्या निवडा आणि पटावरच्या नावापुढे बारीक टिंब द्या. महिन्याने टिंबं बघा. माझ्या पहिल्या यादीत फार चांगल्या आणि फार त्रास देणाऱ्या मुलांपुढे तीन-तीन टिंबं होती, आणि मधली दहा-बारा मुलं कोरी. ती वेळेवर येतात, गृहपाठ देतात, कुणाला त्रास देत नाहीत, आणि वर्ष संपेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं. पुढचे पंधरा दिवस त्या कोऱ्या नावांचे.

कौतुक चारचौघांत करायचं की एकट्याजवळ, हे वयावर आणि स्वभावावर असतं. लहान मुलांना सगळ्यांसमोर आवडतं. तेरा-चौदाच्या पुढे अनेकांना ते शिक्षेसारखं वाटतं, कारण नंतर मित्र चिडवतात. शंका असेल तेव्हा वहीत लिहा.

पायरी ५: मुलांकडून आलेलं नीट स्वीकारा

एखादं मूल कागदावर तुमचं चित्र काढून आणतं. तास सुरू व्हायचा आहे, तुम्ही घाईत आहात. तरी हातातलं ठेवा, चित्राकडे बघा आणि त्यातलं काहीतरी नेमकं बोला: “माझा चष्मा बरोबर नाकाच्या टोकावर काढलास.” मग ते वहीत किंवा खणात ठेवा. तेच चित्र संध्याकाळी त्याला कचऱ्याच्या टोपलीत दिसायला नको.

महाग वस्तू आली तर ती घेऊ नये, हे मी ठामपणे सांगते. बहुतेक संस्थांचे याबाबत नियम असतात, ते आधीच वाचून ठेवा. परत करताना मुलाला लाजवू नका. पालकांना सांगा, “तुमची भावना पोचली. वस्तू मला घेता येत नाही. त्याने दोन ओळी लिहून दिल्या तर मी त्या जपून ठेवेन.”

फळ्यावरची तुमची चूक कुणी दाखवली, तर तीही त्याने दिलेली भेट समजा. “बरोबर, माझं चुकलं. तू लक्ष देऊन बघत होतास” असं म्हणून खोडा आणि दुरुस्त करा. मला वाटतं, ज्या वर्गात हे सहज होतं तिथे मुलं प्रश्न विचारायला घाबरत नाहीत.

आता विद्यार्थ्यांशी.

पायरी ६: तास संपताना ‘थँक यू’ म्हणा

बाहेर पडताना शिक्षकांकडे बघून “थँक यू, सर”, “थँक यू, बाई” एवढं म्हणा. ओरडून, सामुदायिक सुरात नको. तो सवयीचा होतो आणि कुणाच्याच कानात जात नाही. एकट्याने म्हटलेलं ऐकू येतं.

ऑनलाइन वर्गात शिकवणारी व्यक्ती तासभर काळ्या चौकोनांशी बोलत असते. शक्य असेल तर शेवटच्या मिनिटाला कॅमेरा सुरू करून हात हलवा. नसेल तर चॅटमध्ये एक ओळ लिहा, आणि त्यात आज काय कळलं ते घाला.

पायरी ७: पुढे काय झालं ते कळवा

शिक्षकांच्या हाती गोष्टीचा अर्धाच भाग येतो. त्यांनी सांगितलेलं तुम्ही घरी जाऊन करून पाहिलं का, जमलं का, हे त्यांना कळायला मार्गच नसतो. “तुम्ही म्हणालात तसं आधी आकृती काढली आणि तिन्ही गणितं सुटली” हे ऐकून मिळणारा आनंद कुठल्याही भेटवस्तूत नाही. जमलं नसेल तर तेही सांगा. “करून पाहिलं, दुसऱ्या टप्प्यावर अडलो” यातही तुम्ही त्यांचं म्हणणं मनावर घेतलंत हे दिसतं.

पायरी ८: चिठ्ठी लिहा

बहुतेक जण इथे अडतात. कसं वाटेल, भाषा बरी नाही, सर हसतील, उगाच मस्का मारल्यासारखं होईल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं. कृतज्ञतेची पत्रं लिहिणाऱ्यांना विचारलं की समोरच्याला कसं वाटेल, आणि मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांनी अवघडलेपणाचा अंदाज जास्त केला होता आणि समोरच्याला होणाऱ्या आनंदाचा कमी. लिहिणारा शब्द धड जमले का याची काळजी करत बसतो, वाचणाऱ्याला मात्र त्यातली आपुलकी दिसते.

तेव्हा चार-पाच ओळी पुरेत. संबोधन रोजचंच ठेवा: सर, बाई, मॅडम. ‘आपण माझ्या जीवनातील दीपस्तंभ आहात’ असलं काही लिहू नका, ते कुणालाही लिहिता येतं. एक दिवस आठवा, त्या दिवशी शिक्षकांनी काय केलं ते लिहा, आणि त्यामुळे तुमचं काय बदललं ते लिहा. उदाहरणार्थ:

“बाई, सप्टेंबरमध्ये मी तोंडी परीक्षेत मध्येच थांबलो होतो. तुम्ही खिडकीकडे बघत उभ्या राहिलात आणि मला वेळ दिलात. मला वाटलं होतं तुम्ही पुढच्या मुलाला उभं कराल. त्या दिवसापासून मला उभं राहून बोलायची भीती कमी वाटते. थँक यू.”

यात एकही मोठा शब्द नाही. पण त्या बाईंना तो दिवस कदाचित आठवतही नसेल, आणि म्हणूनच ही चिठ्ठी त्या पुन्हा पुन्हा वाचतील.

हाताने लिहा. खाडाखोड झाली तर राहू द्या. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घेण्याची गरज नाही.

वेळ सांभाळा. परीक्षेच्या किंवा निकालाच्या तोंडावर दिलेली चिठ्ठी कितीही मनापासून असली तरी शिक्षकांना अडचणीत टाकते. मार्क लागल्यानंतर द्या. 5 ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन असतो. शिक्षकांच्या दर्जाबद्दलची 1966 ची आंतरराष्ट्रीय शिफारस लक्षात ठेवून युनेस्कोने तो 1994 पासून पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी जरूर द्या, पण त्या दिवसासाठी थांबू नका. एखाद्या साध्या मंगळवारी मिळालेल्या चिठ्ठीकडे सगळं लक्ष जातं.

पायरी ९: वर्गाने मिळून काही करायचं असेल तर

पैसे गोळा करू नका. कुणाकडे नसतात, आणि नाही म्हणायची सोय नसते. त्याऐवजी प्रत्येकाने कागदाच्या पट्टीवर एक आठवण लिहायची आणि सगळ्या पट्ट्या एका पाकिटात घालायच्या. ज्याला काही लिहावंसं वाटत नाही त्याच्यावर सक्ती नको. प्रयोगशाळेतले सहायक, ग्रंथपाल, खेळ शिकवणारे सर, यांना अशी पाकिटं क्वचितच मिळतात. त्यांची आठवण ठेवा.

आणखी एक मार्ग कुणाला सुचत नाही. शिक्षकांबद्दल मुख्याध्यापकांना किंवा विभागप्रमुखांना लिहा. त्यांच्याकडे तक्रारींचीच पत्रं जातात. चांगलं काय चाललं आहे हे लेखी कळवलंत तर त्या शिक्षकांना कामात खरा आधार मिळतो.

एक इशारा दोघांसाठीही

कौतुक उघड्यावर करता आलं पाहिजे. ‘कुणाला सांगू नकोस’ असं म्हणून दिलेली वस्तू, रात्री उशिराचे खाजगी मेसेज, एकट्याला लपूनछपून बोलावून केलेलं खास कौतुक, हे कौतुक नाही. असं काही घडलं तर विद्यार्थ्यांनी घरी किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगावं. शिक्षकांनी स्वतःपुरती खूणगाठ बांधावी: पालकांसमोर करता येणार नाही ते करायचं नाही.

पायरी १०: वर्षांनंतर

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांना 1957 चा साहित्याचा नोबेल पुरस्कार जाहीर झाला. सगळा गलबला थोडा ओसरू देऊन त्यांनी 19 नोव्हेंबरला अल्जियर्समधल्या आपल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना, लुई जर्मँ यांना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, असं त्यात होतं. काम्यू वर्षाचेही नव्हते तेव्हा वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. घरात गरिबी होती. जर्मँ यांनी या मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तयार केलं आणि घरच्यांना पुढच्या शिक्षणासाठी राजी केलं. पत्र जेमतेम काही ओळींचं आहे. पुरस्काराबद्दल त्यात फारसं नाही. तुम्ही त्या गरीब मुलाला हात दिलात, तुमच्या शिकवण्याशिवाय यातलं काही झालं नसतं, एवढंच आहे. पुरस्काराच्या वेळी केलेली भाषणं छापून आली तीही काम्यूंनी त्यांनाच अर्पण केली.

तुम्हाला असं पत्र लिहायला पुरस्काराची गरज नाही. नोकरी लागली, दुकान टाकलं, स्वतःच्या मुलाला पहिल्यांदा बेरीज शिकवली, एवढं कारण पुष्कळ आहे. पत्ता नसेल तर शाळेच्या नावाने पाठवा, पाकिटावर शिक्षकांचं नाव आणि ते कोणत्या वर्षांत शिकवायचे ते लिहा. तुमची ओळख पटेल असं काहीतरी पहिल्याच ओळीत घाला, कारण त्यांच्या हाताखालून शेकडो मुलं गेलेली असतात: कोणतं वर्ष, कोणती तुकडी, खिडकीजवळचा बाक. शिक्षक हयात नसतील तर त्यांच्या घरच्यांना पाठवा. वर्गात ते कसे असायचे, हे घरच्यांनी पाहिलेलं नसतं.

आणि असं पत्र तुम्हाला आलं, तर उत्तर द्या. जर्मँ यांनीही 1959 च्या एप्रिलमध्ये काम्यूंना सविस्तर पत्र लिहिलं, आणि तेव्हा पंचेचाळिशीत असलेल्या त्या जगप्रसिद्ध लेखकाला त्यांनी त्यात ‘माझ्या लाडक्या पोरा’ अशीच हाक मारली होती.